दुप्पट खोल खळगा

टेबलाएवढी अँटेना. आजूबाजूला दहा कोस मोबाईलला बंदी.

कलम सात : गुपित फोडणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी संपेल.

साडेतेरा अब्ज वर्षांपूर्वीचा थंडगार हायड्रोजन.

ऑफिसच्या फोनवर आई : "कायम होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव. जिभेनं अगदी बापावर गेलीयेस."

लाखेनं बंद केलेलं पाकीट.

आता जोडून घेऊ. अँटेना विश्वाच्या बालपणातल्या रेडिओ लहरी टिपते. हायड्रोजननं गिळलेल्या लहरींचा आलेखात खळगा पडतो. खळगा अपेक्षेपेक्षा खोल, म्हणजे हायड्रोजन अपेक्षेपेक्षा थंड. त्याला थंड कोणी केलं? कदाचित कृष्णद्रव्यानं, जे आजवर कोणाच्या हाती लागलेलं नाही.

संशोधक झोपलेले नाहीत ना, हे बघायला संस्था कधीमधी नोंदींत खोटा खळगा मिसळते. मिसळला की नाही, हे गुपित पाकिटात. लेख तयार झाला की पाकीट फोडायचं, मगच जगाला सांगायचं.

यंदा तो मिसळला नोंदी सांभाळणाऱ्या हंगामी बाईंनी. ठरल्यापेक्षा दुप्पट खोल. या लोकांच्या नजरेत भरायला नको का?

भरला. गुरुवारी संचालकांनी पत्रकारच बोलावले. बाहेर व्हरांड्यात कॅमेरे लागले, आत बाईंच्या कायम नेमणुकीची फाईल सहीसाठी टेबलावर पडून.

"सर, आधी पाकीट फोडू या," बाई म्हणाल्या.

"ताई, शुभ बोला. आत 'नाही' असंच असणार."

"कशावरून?"

"अहो, खोटा इतका देखणा असतो का कधी?"

शेजारी बसलेल्या, लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "आणि असला खोटा, तरी तो ठरलेल्या खोलीचा असतो. हा दुप्पट आहे. म्हणजे उरलेला अर्धा तरी खराच!"

"वा!" संचालक म्हणाले. "अर्ध्यावरही पारितोषिक मिळतं."

"उरलेला अर्धाही माझाच आहे, सर."



"कलम सात वाचलंय ना तुम्ही?" संचालकांनी फाईलवर तळहात ठेवला.

"मीच टाईप केलंय ते."

बाईंनी खुर्ची सरकवली, दार उघडलं आणि कॅमेऱ्यांसमोर जाऊन पहिल्या वाक्यापासून सगळं सांगितलं.

त्या कायम जागेवर संचालकांच्या भाच्याची नेमणूक सोमवारीच झाली होती.