ड्रम वाजवणारा आत्मा

आपल्याच घरात जन्मदात्या आईला रांगेत उभं करणारा मुलगा कुणी पाहिलाय? मोठ्या बाईंनी पाहिला, आणि तो दुसऱ्या कुणाचा नव्हता, याचीच त्यांना जास्त चीड होती.

"आई, आपण रांगेतून यावं," थोरला म्हणाला. जन्मापासून 'अगं आई' म्हणणारा हा, अंगावर पांढरी शाल आल्यापासून 'आपण'वर गेला होता.

"मी रांगेतून? या दुकानात नंबर फक्त कपड्यांना लागतात," बाई कडाडल्या. "आणि तेसुद्धा मी लावते."

रांगेतले लोक हसले, पण दबून. 'तो' येण्याची वेळ झाली होती.

'तो' म्हणजे बाईंचा धाकटा. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि हाताशी आलेला पोर गेला. बाईंचं धुलाईचं दुकान होतं. पुढे इस्त्रीची टेबलं, मागे वाफेची यंत्रं आणि त्याच्याही मागे धाकट्याची खोली. खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, मध्ये कीबोर्ड, कोपऱ्यात कॉम्प्युटर. तिथे तो गाणी रेकॉर्ड करायचा, त्याची बायको, म्हणजे सूनबाई, गायची आणि शेजारी बसून मिक्सिंगही करायची. तो गेला तशी तिने खोलीला कुलूप लावलं. किल्ली थोरल्याकडे गेली आणि महिन्याभरात चमत्कार सुरू झाला.

चमत्कार असा की, कीबोर्ड आपोआप वाजायचा!

रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की लोक गोळा व्हायचे. किराणावाला, शाळेतल्या बाई, समोरची नर्स, कुणाकुणाचे पाहुणे. थोरला खुर्चीत बसायचा, कीबोर्डपासून चांगला लांब. हात शालीत, डोळे मिटलेले.

"विश्व म्हणजे कंपन," तो सुरू करायचा. "देह जातो, कंपन राहतं. माझ्या भावाचं कंपन या खोलीत साठलंय. कॉम्प्युटरचा पडदा बघा, काळा आहे. कीबोर्डजवळ कुणीही नाही. मी फक्त माध्यम आहे, मंडळी. मी म्हणजे नुसता रिकामा पाइप."

"ते मात्र खरं बोलला," बाई पहिल्या दिवशी पुटपुटल्या होत्या. पण मग सूर आला आणि त्यांची बोलती बंद झाली.

ती धाकट्याची अर्धवट राहिलेली चाल होती, पोरीसाठी बांधलेली. त्यात एक सूर तो नेहमी किंचित उशिरा टेकवायचा, दारात थबकून मग आत यावं तसा. कीबोर्डनेही तो तस्साच टेकवला. सूनबाई जागच्या जागी खाली बसली. नातीने, सगळे तिला चिमणी म्हणत, आजीचा पदर तोंडात कोंबला. हात त्याचाच होता, त्यात शंकाच नव्हती.

चाल संपली की प्रश्न. एक सूर म्हणजे 'हो', दोन म्हणजे 'नाही'. कुणी हरवलेली अंगठी विचारी, कुणी मुलीचं लग्न. आणि एका संध्याकाळी सूनबाईने विचारलं, "मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय. स्टुडिओतच, माझंच काम आहे. चिमणीला घेऊन जाऊ?"

कीबोर्डने दोन सूर दिले. ट्यूंग. ट्यूंग.

"नाही म्हणाला," सूनबाई म्हणाली. तिचा चेहरा धुऊन पिळलेल्या कपड्यासारखा झाला. "सोमवारी त्यांना नकार कळवते."

बाईंना काय वाटलं? खरं सांगायचं तर बरं वाटलं. नात डोळ्यांसमोर राहणार होती. देव, आत्मा, कंपन, ज्याचं असेल त्याचं भलं होवो, असं म्हणून त्या झोपल्या. पण दुसऱ्या दिवसापासून सूनबाई गुणगुणायची बंद झाली. टेबलावर इस्त्री ठेवून बघत राहायची. एक शर्ट करपला. बाईंच्या दुकानात शर्ट करपणं म्हणजे न्यायाधीशाने चोरी करणं. तरी त्या गप्प राहिल्या. कशाला बोलायचं? निकाल आपल्याच बाजूचा लागला होता.

शनिवारी त्यांनी खोली झाडायला घेतली. थोरला म्हणायचा, कीबोर्डला हात लावू नका, कंपन बिघडतं. "कंपन बिघडेल, पण धूळ बसलेली मला चालणार नाही," म्हणत बाईंनी ओल्या फडक्याने कीबोर्ड चांगला खसखसून पुसला. पुसताना दोनचार बटणं दाबली गेली. छोट्या काचेवर अक्षरं बदलली. बाईंची शाळा तिसरीतच सुटलेली, आणि ती अक्षरं परकी. त्यांनी काचही पुसली आणि निघून आल्या.

संध्याकाळी गर्दी नेहमीपेक्षा दाट. थोरल्याने डोळे मिटले. "ये, बंधू, ये…"

आणि बंधू आला. ढुम्! टक्! ढिश्श्!

लोक दचकून मागे सरकले. पियानोच्या जागी ढोल, झांजा, थाळ्या, कुणी भांड्यांची मांडणी पाडावी तसा गोंधळ. आणि थांबेना! ढुम् टक्-टक्, ढिश्श्, मग जरा थबकून… ढप्!

थोरल्याचा एक डोळा उघडला, पुन्हा मिटला. "तो… तो रागावलाय!" तो ओरडला. "हे रौद्र कंपन आहे! कुणीतरी शंका घेतली!"

"मी नाही घेतली हं," किराणावाला घाईघाईने म्हणाला.

सगळे घाबरले होते. बाई मात्र घाबरल्या नाहीत, त्या मोजत होत्या. ढुम् टक्-टक्, आणि मग ते थबकणं. हीच ती चाल. ठोका न् ठोका तोच, फक्त आवाज ड्रमचा. म्हणजे ते बटण दाबलं गेलं होतं तर. चूक आपल्या फडक्याची, हे त्यांना कळलं. पण त्यामागून दुसरीच गोष्ट कळली.

धाकटा असता तर पहिल्या 'ढुम्'लाच थांबला असता. एक तार सैल असली तरी कपाळाला आठी घालणारा पोर तो! आवाज बदलला म्हणून हसला असता, बटण दाबून नीट केलं असतं, मग पुढे गेला असता. हा वाजवणारा मात्र सरळ शेवटपर्यंत बडवत गेला. हा ऐकतच नव्हता.

"पोरी," त्या सूनबाईला हळूच म्हणाल्या, "तुझा नवरा बहिरा होता का गं?"

"आई, काय बोलताय?"

"मग हा कोण वाजवतोय, ज्याला कान नाहीत?"

सूनबाईने त्यांच्याकडे पाहिलं. काम जाणणाऱ्या माणसाच्या मनात एक विचार शिरला की तो बाहेर काढणं अवघड. ती उठली नाही, पण तिची नजर कीबोर्डवरून त्याच्या मागच्या वायरीवर गेली आणि वायरीवरून कोपऱ्यात.

बाई उठल्या. रांग मोडून थेट कीबोर्डपाशी.

"आई! मध्ये येऊ नका! कंपनाचा झटका बसेल!"

"तुला जन्म देताना बसला तेवढा पुरे." त्यांनी कीबोर्डमागची बारीक वायर चिमटीत धरली आणि उपटली. मग बोटाने एक पट्टी दाबली. ढप्. "हा चालू आहे, ऐकलंत ना सगळ्यांनी? वीज आहे, आवाज आहे. आता म्हण तुझ्या कंपनाला, वाजव."

थोरल्याने शाल आणखी घट्ट ओढली.

"वाजव ना!"

"नादसेतू तुटलाय…" तो पुटपुटला.

"मेलेल्या माणसाला वायर लागते होय रे? आणि शालीतले हात बाहेर काढ आधी. थंडी नाहीये."

त्याने हात काढले नाहीत. तेव्हा चिमणीच म्हणाली, "काकाच्या शालीत उजेड दिसतोय." पांढऱ्या कापडाआड फोन चकाकत होता.

सूनबाई आता कोपऱ्यात पोचली होती. टेबलाखाली कॉम्प्युटरची पेटी गरम होती, मंद घुमत होती. तिने पडद्याचं बटण दाबलं. बंद होता तो नुसता पडदा. लोक पुढे सरकले.

"ही ती चाल," सूनबाई म्हणाली. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी ओळीने मांडल्या होत्या. "यात आवाज साठवलेला नसतो. कुठली पट्टी दाबली, कधी, किती जोरात, कधी सोडली, एवढंच असतं. नुसता निरोप म्हणा. ज्याच्याकडे पाठवाल, तो आपल्या आवाजात म्हणून दाखवतो. कीबोर्ड पियानोवर असला की पियानो वाजतो, ड्रमवर असला की ड्रम. निरोपाला काय फरक पडतो? आम्ही काम करायचो तेव्हा हा निरोप कॉम्प्युटरमधल्याच वाद्याकडे जायचा. आता कुणीतरी तो या वायरीने कीबोर्डकडे वळवलाय."

"आणि 'हो', 'नाही'?" नर्सने विचारलं.

सूनबाईने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हा ट्रॅक नवा आहे. आमचा नाही. हा निरोप घेतो फोनवरून आणि देतो कीबोर्डला." तिने वायर परत जोडली, कीबोर्डचं बटण पियानोवर आणलं. "दादा, फोनवर बोट ठेवा."

थोरल्याने ठेवलं नाही. बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि अंगठा टेकवला. ट्यूंग. पुन्हा टेकवला. ट्यूंग.

"झालं. आत्मा 'नाही' म्हणाला," बाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. शाळेतल्या बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पण ते थबकणं… ते तर त्याचंच होतं ना?"

"त्याचंच," सूनबाई म्हणाली. "त्याच्याच बोटांचं आहे. गेल्या वर्षी वाजवलेलं." आणि तिने स्वतःच्या हाताने चाल थांबवली.

लोक एकेक करून निघाले. किराणावाला जाताना बाईंना म्हणाला, "श्रद्धा मोडलीत हो तुम्ही. कशाला? कुणाचं काय बिघडत होतं?" बाईंनी त्याला सूनबाईकडे बोट दाखवलं. तो काय समजला कोण जाणे.

खोलीत घरचेच उरले. थोरला शाल मांडीवर चुरगाळत बसला होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"मी कुणाचं वाईट केलं?" तो म्हणाला. 'आपण' केव्हाच गळून पडलं होतं. "आधी नुसती चालच लावली होती गं, तू रडायची थांबावीस म्हणून. मग लोक यायला लागले. आणि ही निघाली म्हटल्यावर… चिमणी गेली तर तू जगशील का आई? तुझ्यासाठीच केलं ना मी?"

सूनबाई दारात उभी होती, पोरीचा हात धरून. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. नातीच्या केसांकडे पाहिलं, सुटलेल्या वेणीकडे. मग थोरल्याकडे वळल्या.

"माझं नाव पुढे करू नकोस. ती जायला नको होती मला, तुझ्याहून जास्त नको होती. पण मग तोंड होतं ना आपल्याला? 'राहा' म्हणायचं होतं. तू म्हणाला असतास, मी म्हणाले असते. तिने ऐकून घेतलं असतं आणि तिला पटलं नसतं तर 'नाही, मी जाते' म्हणाली असती. जिवंत माणसाशी भांडता येतं रे. वाद घालता येतो, कारण विचारता येतं. मेलेल्याला काय विचारणार ती? म्हणून तू त्याच्याकडून वदवून घेतलंस. माझ्या पोराचा हात धरून तू त्याच्या बायकोचं दार लावलंस. याला श्रद्धा म्हणत नाहीत, याला कडी घालणं म्हणतात. ज्याला 'कशावरून' म्हणून विचारता येत नाही, त्याच्या सांगण्यावर या घरात यापुढे कुणी पाऊल टाकायचं नाही आणि कुणी अडायचंही नाही. सोमवारी ती 'येते' म्हणून कळवेल. तू तिचं सामान बांधायला हात लावशील, आणि बांधताना तिची माफी मागशील. तुझ्या स्वतःच्या तोंडाने."