उठवू नको

“हळू. आत्ता कुठं डोळा लागलाय.” अहल्येनं लेकीला वॉर्डच्या दारातच अडवलं.

“आई, हॉस्पिटल आहे हे,” रक्षिता कुजबुजली. “घरी तर तू कुकरलाही शिट्टी मारू दिली नाहीस.”

खोटं नव्हतं. नवरा भीमसेन बस डेपोत मेकॅनिक, कायम रात्रपाळी. दिवसा तो झोपायचा आणि ही घरभर ओठांवर बोट ठेवून फिरायची. निवृत्त झाला तरी धड झोप नाही ती नाहीच. परवा उजवं अंग गेलं. डॉक्टरांनी मेंदूतली गुठळी काढली. काल त्यानं इथल्या इडलीला नावं ठेवली, तेव्हा हिचा जीव भांड्यात पडला.

आणि आज ही झोप. केवढी गाढ.

“जेवले?”

“उठवलंच नाही.”

“मी हाक मारते.”

“नको गं. स्वल्प थांब, थोडा वेळच.”

सिस्टर तपासायला आली. डोळ्यांत बॅटरी. खांदा हलवला. जोरात हलवला. मग डॉक्टरांकडे धावली.

डॉक्टर चंदना आल्या. “अक्का, ही झोप नाही.”

म्हणजे?

“मेंदूचा जो भाग मेला, तिथं दाह झालाय. तिथल्या रक्तवाहिन्यांची भिंत नको ते मेंदूत शिरू देत नाही. दाहानं तीच सैल पडलीय. रक्तातलं पाणी झिरपतंय, मेंदू सुजतोय. कवटीत जागा कुठली? स्कॅन करू. लागलंच तर हाड काढून जागा करावी लागेल.”

“मीच त्यांना झोपू दिलं.”

“सूज तुम्ही नाही आणलीत. पण आता बोलत राहा. हाक मारा, चिमटा काढा. उत्तर थांबलं तर लगेच सांगा.”

“अहो.”

“जोरात, आई.”

“अहो.” मोठा आवाज निघेना. इतक्या वर्षांत कधी काढलाच नव्हता. मग निघाला, तो असा की शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली.

तिनं त्याच्या डाव्या दंडाला चिमटा काढला. एक डोळा अर्धवट उघडला. जड जिभेनं तो म्हणाला, “झोपू दे.”

“नाही.”

खाट स्कॅनकडे निघाली. अहल्या बाजूनं पळत होती. त्याच्या दंडावर लाल वळ उठले होते. पुढच्या चिमट्यासाठी ती कोरी जागा शोधत होती.