सदतीस नंबरचा डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. पोटावर 'रुक्मिणी, वाकोला' असं नाव घातलंय आणि त्याखाली आकडा, सदतीस. भांड्यांच्या दुकानात ती टरटरणारी सुई अंगावर फिरली, तेव्हा मला भारी गुदगुल्या झाल्या होत्या. आता इतके पोचे आलेत की तो आकडा बोटाने चाचपावा लागतो. थकलोय मी.

रुक्मिणीमावशी घरगुती जेवण पुरवायची. रोज सकाळी आम्हा साठ डब्यांत वाफाळती काळ्या वाटाण्याची उसळ पडायची. तिचा नवरा जयवंत स्कूटरवरून पार अंधेरीपर्यंत डबे पोचवायचा. भरलेला द्यायचा, मागचा रिकामा घ्यायचा. "गरम उसळ मी प्लॅस्टिकात ओतायची नाही म्हणजे नाही," असं मावशी ठणकावून सांगायची. गिऱ्हाइकं तिचं कौतुक करायची. एकाने तर माझा फोटो काढला. त्या दिवशी मी जरा शेफारलोच होतो.

पण आमचा घात केला तो चांगल्या माणसांनीच. अंधेरीची मनाली दर शुक्रवारी जेवण मागवायची. मोठी गुणाची मुलगी! मला घासूनपुसून लखलखीत करायची आणि ओट्यावर ठेवून द्यायची. जयवंत दारात आला की सुरू.

"ताई, मागचा डबा?"

"अहो काका, रिकामा कसा देऊ? रविवारी काहीतरी गोड करते ना, मग देते."

"रिकामाच द्या ओ. आम्हाला रिकामाच लागतो."

"छे! बरं दिसतं का ते? कुणाचा डबा रिकामा परत करू नये, आई सांगायची."

जयवंत बिचारा भिडस्त. आईचं नाव निघालं की तो भरलेला डबा ठेवून निघून जायचा. पुढच्या शुक्रवारी बावन्न नंबर माझ्या शेजारी येऊन बसला, त्याच्या पुढच्या शुक्रवारी नऊ नंबर. एका रविवारी पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी नारळाच्या वड्यांचा पाकच बिघडला, आणि बिघडलेलं द्यायचं कसं? मधल्या काळात माझं झाकण दुधाच्या पातेल्यावर गेलं आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे आले. उसळीची सवय असलेल्या पोटात चिमटे! मला फार वाईट वाटलं.

एका शुक्रवारी मात्र जयवंत उंबऱ्यावरच बसला. "साठातले अठरा उरलेत, ताई. बाकीचे घरोघर असेच रविवारची वाट बघतायत. पुन्हा एवढे डबे घेणं आम्हाला झेपायचं नाही. आता आमची रुक्मिणी प्लॅस्टिक आणेल, दुसरं काय?"

मनालीला खरंच वाईट वाटलं. "या रविवारी नक्की, काका. शप्पथ!"

आणि तिने शब्द पाळला. वड्या सुरेख जमल्या. आम्हा तिघांत त्या भरून ती स्वतः वाकोल्याला आली. दारात पाऊल टाकलं आणि मी पाहिलं, भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या डब्यांची चळत उभी होती, पार छताला टेकलेली. आदल्या दिवशीच आली होती.

मावशीने माझं झाकण उघडलं, एक वडी तोंडात टाकली. तिचे डोळे भरून आले.

"बऱ्या झाल्यात गो वड्या," ती म्हणाली. "पण मला रिकामा डबा हवा होता. तोही गेल्या महिन्यात."

मनाली मान खाली घालून उभी राहिली. तिला रागवावं असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

आता मी फिरतीवर जात नाही. मी माप झालोय. मावशी मला पातेल्यात बुडवते, काठोकाठ भरते आणि ती गरम उसळ प्लॅस्टिकच्या डब्यात ओतते. ओतताना तोंड फिरवते. दिवसातून साठ वेळा मी भरतो आणि साठ वेळा रिता होतो, पण वाकोल्याबाहेर पडत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी डबा असेल. पोटावरचं नाव वाचा. आत चिमटे असतील तर काढा, झाकण शोधा आणि आजच देऊन या. रविवारची वाट पाहू नका, गोडाधोडाचीही नको. रिकामा दिलात म्हणून कुणी नावं ठेवणार नाही. अहो, रिकामा आला तरच तो पुन्हा भरता येतो ना?