डावीकडची खिडकी

"बुजवून टाक म्हटलं ना," दादा गवंड्याला म्हणाला. "जिन्याची भिंत इथूनच वर जाणार."

तो माझ्या खोलीची एकुलती एक खिडकी बुजवायला सांगत होता. वडिलांच्या जागेवर आम्हा दोघा भावांचं घर बांधायचं ठरलं, तेव्हा दर्शनी बाजू कागदावर मीच काढली होती. एकतीस वर्षं आर्किटेक्टच्या हाताखाली असलेच बंगले काढतोय. चार खांब, वर त्रिकोण, मधोमध दार. अशी बाजू आम्ही अर्धीच काढतो. ट्रेसिंग पेपर दुमडायचा आणि उरलेली अर्धी गिरवायची. उजवीकडे दादा, डावीकडे मी, दोन्हीकडे एकेक उंच खिडकी. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावं की या घरात कुणी थोरलं-धाकटं नाही. मला ते फार भारी वाटलं होतं. मूर्खच मी.

ती खिडकी खरं तर बायकोची होती. लग्नापासून ती दिव्याखाली शिवत आलीय, डोळ्यांची पार वाट लागलीय. खिडकीपाशी तुझं मशीन, असा मी तिला शब्द दिला होता.

भांडायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "दादा, बुजवलीस तर समोरून घर काणं दिसेल. बाहेरून चौकट, काच तशीच ठेवू. आतून भिंत. काचेमागे काळा रंग मारला की कुणाला पत्ता लागणार नाही."

"याला म्हणतात डोकं!" दादाने माझी पाठ थोपटली.

ऑफिसात असल्या खोट्या खिडक्या मी ढिगाने काढल्यात. हात चालतो तशी जीभ चालली.

बायको रडली नाही. "माझा उजेड गेला त्याचं तुम्हाला काही नाही," ती म्हणाली. "त्या घराचं तोंड वाकडं व्हायला नको, एवढंच."

राहायला गेल्यावर तिने मशीन पुढे ओसरीवर, डावीकडच्या दोन खांबांमधे मांडलं. चार दिवस ती खुशीत शिवत होती. पाचव्या दिवशी दादा मला म्हणाला, "ते मशीन तेवढं आत घ्यायला सांग रे. समोरून बरं दिसत नाही."

"बोला की काहीतरी," बायको म्हणाली.

खरं सांगायचं तर एका बाजूला मांडलेलं ते मशीन मलाही खुपत होतं. लाज वाटली, तरी खुपत होतंच.

एकीकडून मी उचललं, दुसरीकडून तिने. आत नेलं. तिने दिवा लावला आणि सुई डोळ्यांजवळ धरून दोरा ओवायला लागली. सकाळचे अकरा वाजले होते.