म्हैस उठवायचा सांगाडा

ए : माणसाच्या गरजा

"'म्हैस' असा शब्द टाकून बघ की," सुग्रीव पुन्हा म्हणाला.

"टाकली, आबा. मागल्या वर्सीबी टाकलती. काहीच येत न्हाई."

"मग झालं. कुणी केलंच न्हाई."

पुण्याच्या पेटंट शोधायच्या ऑफिसात नुकत्याच लागलेल्या त्याच्या लेकीनं, सुकन्यानं, लॅपटॉपवरून मान उचलली नाही. "शब्दावर जाऊ नका. कुणी गाय लिहितंय, कुणी नुसतं जनावर, कुणी त्याच्याच भाषेत. म्हणून जगातले सगळे शोध कप्प्यात लावलेत. भाषा कोणतीबी असू द्या, कप्पा एकच. आपला पयला कप्पा ह्यो. माणसाच्या गरजा."

"आन् म्हैस?"

"ह्याच्यातच."

"शहाणी हायत माणसं," सुग्रीव हसला.

ए ६१ : वैद्यक

दोघं बसले होते त्या घाटनांदूरच्या त्याच्या वेल्डिंगच्या शेडमध्येच, कोपऱ्यात, ताडपत्रीखाली तो सांगाडा होता. पाइपाची कमान, चेनपुली आणि खुब्याची हाडं धरणारा चिमटा. खंगलेली म्हैस एकदा बसली की उठत नाही, आणि बसून राहिली की मरते. सुग्रीवनं स्वतःची म्हैस त्यावर उभी केली होती. दार लावून. कारण सुकन्या कॉलेजात असताना फोनवर म्हणाली होती, पेटंटचा अर्ज जाईपर्यंत कुणाला दाखवू नका.

ए ६१ डी : जनावरांचं वैद्यक

हे सुकन्याला माहीत नव्हतं :

मे महिन्यात शेजारच्या छबुबाईची म्हैस बसली. ती शेडच्या दारात आली.

"सुग्रीवा, तुझी बसलेली म्हैस उठली न्हवं, तुझं ते उचलायचं दे की बाबा."

"मोडलंय, वहिनी."

छबुबाईनं ताडपत्रीकडं बघितलं. गल्लीतल्या माणसांनी बांबू घालून म्हैस उचलली. ती परत बसली. आठवडाभरात ट्रॅक्टरला बांधून तिला गावाबाहेर नेलं.

ए ६१ डी ३ : जनावराला आधार द्यायची साधनं

सुकन्याचं बोट थांबलं. तिनं लॅपटॉप बापाकडं वळवला.

जुनं, शाईनं काढलेलं चित्र. गाय. खुब्यावर चिमटा. वर साखळी.

"कुणाचं?"

"जर्मनीतल्या एकाचं. आजोबांच्या लग्नाच्याबी आधीचं. त्याची मुदत कवाच संपली. आता कुणीबी बनवू शकतंय, आबा. पण नवीन म्हणून आपल्याला मिळायचं न्हाई."

सुग्रीवनं लॅपटॉप जवळ ओढला. "आवळायचा बोल्ट त्यानंबी वरूनच घेतलाय." मग म्हणाला, "त्याचीबी बसली असंल."

त्यानं कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडं बघितलं.

"म्हंजे झाकून ठेवायचं काय कारणच नव्हतं."

"नव्हतं. पण आपल्याला कुठं ठावं होतं? आन् झाकून आपलं काय गेलं?"

तो उठला आणि ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागला.

(याला कप्पा नाही)

हातगाड्यावरून सांगाडा त्यानं छबुबाईच्या अंगणात आणला. गोठ्यात दावं तसंच खुंट्याला होतं.

"आता कशापायी आणलास?"

"राहू द्या हितंच. लागंल कुणाला."

"मोडलाय म्हनलातास."

"न्हवता मोडला, वहिनी."

बादलीतली ओली गोधडी छबुबाईनं दोन्ही हातांनी उचलली, कमानीवर टाकली, टोकं सारखी केली. गोधडी जड होती, पाणी निथळत होतं. कमान जराही वाकली नाही.