अजून एक तीन

गणिताच्या बाईंना "तपासलंत का?" असं विचारायची शाळेत कुणाची टाप नव्हती. नव्या सभागृहाच्या भिंतीवर एखादी मोठी मूळ संख्या लावायची, कशानेच न भागली जाणारी, असं ठरलं तेव्हा सगळे निर्धास्तपणे त्यांच्याकडे वळले.

बाईंकडे संख्या तयारच होती. ३१, ३३१, ३३३१... पुढे तीन लावत जा, प्रत्येक वेळी मूळच. सात तिनांपर्यंत त्यांनी स्वतः पडताळलं होतं. पण मुख्याध्यापक म्हणाले, भिंत लांबलचक आहे, एक आकडा कमी पडतोय.

"मग लावा अजून एक तीन," बाई चहाचा घोट घेत म्हणाल्या.

लाकडी आकडे कापून रंगवायचं काम चित्रकलेच्या बाईंकडे होतं. त्या गणिताच्या बाईंच्या सख्ख्या धाकट्या नणंद. त्यांनी भीत भीत विचारलं, "वहिनी, नवा तीन लावल्यावर एकदा भागून बघायला नको का?"

"वन्सं, तुम्ही रंगांचं बघा. आकड्यांचं मी बघते."

अख्खी स्टाफरूम खो खो हसली. नणंदही हसली, पण तिचे कान लालबुंद झाले होते.

उद्‌घाटनाच्या दिवशी आकड्यांवर पडदा होता आणि पाहुण्यांचं भाषण काही संपत नव्हतं. वेळ जावा म्हणून बाई मनातल्या मनात ३३३३३३३३१ला भागत बसल्या. सातने जाईना, अकराने नाही, तेराने नाही. मग सतरा. भागत भागत शेवटी पाच उरले, त्यावर शेवटचा एक उतरवला. एक्कावन्न. सतरा त्रिक एक्कावन्न. बाकी शून्य.

बाईंनी पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली. पुन्हा भागलं, पुन्हा शून्य. सतराचा पाढा अडखळला म्हणून कालच त्यांनी अर्धा वर्ग उभा केला होता.

पडदा अजून बंद होता. एक तीन उचकटला की सगळं बरोबर. पण ते सांगायचं कुणासमोर? त्याच हसलेल्या स्टाफरूमसमोर. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं.

बाई उठल्या, माईकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "एक आणि ती स्वतः सोडून या संख्येला कुणीही भागू शकत नाही." आवाज जरासुद्धा कापला नाही, याचीच त्यांना जास्त लाज वाटली. पडदा सरकला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

कार्यक्रम संपल्यावर नणंद मागे मागे आली. बोटांना अजून पिवळा रंग होता.

"वहिनी, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुमच्यावर शंका घेतली मी. चुकलंच माझं. मनात ठेवू नका हं."

आता तरी सांगावं. इथे दोघींशिवाय कुणी नव्हतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"असू दे, वन्सं," बाई म्हणाल्या. "चुकतं एखाद्या वेळी माणसाचं."

नणंदेचा चेहरा खुलला. बाईंना तो बघवेना.