अडकून पडलेली पत्रं

बाबांचे हात थरथरतात, पण लिहिण्याची खोड सुटत नाही. म्हणून संगणकावर हवा तसा वळवता येणारा एक टेक्स्ट एडिटर, म्हणजे लिहिण्याचा प्रोग्राम, मी त्यांना लावून दिला. एकच कळ दोनदा दाबली गेली तर एकदाच धरायची, आणि मध्येच काही प्रश्न आला तर बाबांना न विचारता एडिटरनेच गुपचूप 'नाही' म्हणून मोकळं व्हायचं. पत्रं लिहिणं, पाठवणं, आलेली वाचणं, सगळं त्यातच. या करामतीचा मला भारी तोरा होता.

काकांना ऐकू येत नाही, त्यामुळे दोघा भावांचं सगळं बोलणं ईमेलवर. तीन आठवड्यांपूर्वी शब्दाला शब्द लागला आणि मग काकांचं उत्तरच येईना. बाबांनी माफी मागितली, तरी नाही. ते जेवणावरून अर्धवट उठू लागले. मी म्हटलं, तुम्हीच काहीतरी भलतं दाबलं असेल. उर्मटपणाच तो.

आज सकाळी चुलतबहिणीने कळवलं, आजच अकरा वाजता काकांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. मी चिडूनच एडिटर तपासायला बसले आणि पाच मिनिटांत माझंच तोंड उतरलं. मधल्यामध्ये कुणी पत्र वाचू नये म्हणून एडिटर आधी मेल कंपनीच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याची ओळख पटवणारा दाखला, बघतो, मगच कूटबद्ध जोडणी उघडतो. मेल कंपनीने ते प्रमाणपत्र बदललं होतं. नवं खरं मानायचं का, असं एडिटर रोज विचारत होता, आणि माझी हुशारी रोज परस्पर 'नाही' म्हणत होती. ना इथलं पत्र बाहेर गेलं, ना तिकडचं आत आलं.

"बाबा, चूक माझी आहे. तुमचं एकही पत्र काकांना मिळालेलं नाही."

"म्हणजे तो रागावलेला नाही?" एवढंच त्यांनी विचारलं. मला रडू आलं.

कंपनीला फोन लावून प्रमाणपत्राचे आकडे मी एकेक करून ताडून पाहिले आणि मग 'हो' म्हटलं. काकांची नऊ पत्रं एकदम येऊन पडली. शेवटचं कालचं होतं: 'अरे, एका शब्दाने तरी बोल.'

पावणेअकरा झाले होते. मी बाबांची अडकलेली पत्रं पाठवायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. त्यातल्या निम्म्यांत नुसता राग होता. मी टाइप करू का म्हटलं, त्यालाही नकार. एकेक कळ शोधत त्यांनी स्वतःच लिहिलं, 'मी इथे आहे', आणि पाठवलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं.

'नर्स चष्मा काढून घेत होती. थांब म्हटलं तिला. वाचलं.'